नेतृत्वाची पाठशाळा : पालखीमार्ग

‘नेतृत्वविकास’ हा अलीकडे एक मोठा व्यवसाय होऊन बसला आहे. तारांकित हॉटेलांत शिबिरे भरतात, भारी शुल्क आकारले जाते आणि व्यासपीठावर कसे उभे राहावे, आवाज कोठे चढवावा, याचे धडे दिले जातात. दुसऱ्या टोकाला चौकाचौकांतील फलकांवर विशीतील तरुण ‘भावी’ या उपाधीसह झळकतात. कशाचे भावी, हे कळते. कशाच्या बळावर, हे मात्र कळत नाही. दोन्हीकडे समज एकच : नेतृत्व म्हणजे दिसणे!

बारामती आणि इंदापूर ही नावे उच्चारली की कोणालाही राजकारण आणि साखर कारखाने आठवतात. परंतु नेतृत्वाची फार जुनी पाठशाळा याच दोन तालुक्यांतून दरवर्षी ज्येष्ठ-आषाढात पायी चालत जाते. इ.स. १६८५ मध्ये तुकोबांचे सुपुत्र नारायण महाराज यांनी सुरू केलेला श्रीसंत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत सराटीला नीरास्नान घेऊन पुढे पंढरीकडे जातो. लाखोंचा हा समुदाय कोणाच्या आदेशाने चालतो?

दिंडीकडे बारकाईने पाहावे. मध्यभागी वीणेकरी, पुढे टाळकरी, मृदंगवादक, पताकाधारी आणि तुळशीवृंदावन डोईवर घेतलेल्या माता-भगिनी. येथे वीणेकऱ्याला मान आहे. पण तो वीणेचा आहे. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात वीणा अहोरात्र खाली ठेवली जात नाही. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो आणि दोघे एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात. घेणाऱ्यात अहंकार नाही, देणाऱ्यात खंत नाही. सत्तांतराचा याहून सुंदर विधी कोणत्या सभागृहात पाहावयास मिळेल? आपल्या संस्थांमध्ये मात्र एकदा खुर्चीवर बसलेला माणूस ती पुढच्याच्या हाती देताना आयुष्य घालवतो, आणि संस्था त्याच्याबरोबरच वृद्ध होते.

काटेवाडीत परीट समाजबांधव पालखीसाठी धोतराच्या पायघड्या अंथरतात, मेंढपाळ आपल्या मेंढ्यांचे रिंगण पालखीभोवती धाववतात. प्रत्येकाने आपल्या व्यवसायातील सर्वोत्तम ते आणावे आणि सोहळ्याने ते मानाने स्वीकारावे, हीच समरसता. कार्यकर्त्यांपैकी कोणाजवळ काय देण्यासारखे आहे हे ओळखणे आणि ते देण्याची जागा निर्माण करणे, हे नेत्याचे पहिले काम होय. बेलवाडीच्या रिंगणात तर एक अश्व स्वाराविना धावतो. तो देवाचा अश्व. त्याच्या टापांखालची माती लोक कपाळी लावतात. सर्वांत मोठा मान ज्याच्या पाठीवर कोणी दिसत नाही त्याला!

डॉ. हेडगेवारांनी १९२५ मध्ये संघाची स्थापना केली आणि १९२८ च्या पहिल्या गुरुपूजनाला स्वतःऐवजी भगवा ध्वज पुढे केला. पालखीच्या रथात पादुका असतात. शाखेत ध्वज असतो. व्यक्ती येतात, जातात. निष्ठा तत्त्वावर स्थिर राहते. या भूमीच्या संस्कारातूनच ही दृष्टी येते.

कोणी म्हणेल, भक्तीचे ठीक आहे. पण कारखाना, ग्रामपंचायत, पतपेढी यांचा व्यवहार टाळ-मृदंगावर चालत नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून व्यवहारातलेच उदाहरण घेऊ. नीरा डावा कालवा वीर धरणाकडून बारामती तालुका ओलांडत इंदापूरकडे जातो. वरच्या अंगाचा शेतकरी उसाला मनसोक्त पाणी देतो आणि टेलचा शेतकरी आवर्तनाची वाट पाहत राहतो. शेवटच्या शेताला पाणी पोहोचले का, हे जो विचारतो आणि त्यासाठी प्रसंगी आपले दार आधी बंद करतो, तो खरा पुढारी. यासाठी वक्तृत्व लागत नाही. शेवटच्या माणसाकडे नजर लागते.

ही नजर वारीत व्यवस्थेचा भाग झालेली आहे. ज्ञानोबा माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तेथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, मगच पुढचे होते. तक्रार करणाऱ्याला येथे कोणी बंडखोर ठरवीत नाही. आपल्या किती बैठकांत हे घडते?

आणि थांबण्याचेही नेतृत्व असते. २०२० मध्ये महामारीमुळे पादुका एसटी बसने पंढरपुरास नेल्या गेल्या, तेव्हा लाखो वारकरी घरीच राहिले. शतकांची वाट त्यांनी समाजाच्या हितासाठी एका वर्षी मनातल्या मनात चालली. अनुयायांना असा संयम शिकविणारी परंपरा हेच श्रेष्ठ नेतृत्व होय.

तेव्हा आपल्या मुलामुलींना भाषणस्पर्धेचे चषक जरूर मिळवू द्यावेत, पण त्याआधी एखादे छोटे दायित्व द्यावे. शाखेतील गटनायक आज कोण आला नाही हे पाहतो आणि सायंकाळी त्याच्या घरी जातो. पंक्तीत वाढणारा शेवटचे पान वाढून झाल्यावरच स्वतः बसतो. सहलीत धडधाकट मुलगा सर्वांत मागे, दमलेल्याच्या पावलाशी पाऊल जुळवून चालतो. नेतृत्वाचे शिक्षण येथे, घरी आणि अंगणात, विनाशुल्क मिळते. फलकावरचा चेहरा पहिल्या पावसात धुऊन जातो. हातात घेतलेली वीणा पुढच्याच्या गळ्यात घालून जाणारा मात्र समाजाच्या स्मरणात राहतो.