दुःखाला रंगांची वाट

बिहारच्या मधुबनी जिल्ह्यातलं रांटी हे गाव. मल्लाह, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातली दुलारी बारा-तेरा वर्षांची असतानाच बोहल्यावर चढली. मुलगी झाली, ती सहा महिन्यांचीच होऊन गेली. संसारही टिकला नाही. ती माहेरी परतली आणि लोकांकडे धुणीभांडी करू लागली. शिक्षण नाही, हाताशी पैसा नाही. अशा बाईचं दुःख विचारतो कोण? शेजारणी चार दिवस हळहळतात आणि मग तिच्या हाती खराटा येतो.

ज्या घरी ती कामाला होती, तिथल्या महासुंदरीदेवी आणि कर्पूरीदेवी या मिथिला शैलीच्या नामवंत चित्रकर्ती. केर काढता काढता दुलारी त्यांचे हात न्याहाळायची. घरी आली की अंगणातल्या ओल्या मातीत काडीने रेघा ओढायची. पुढे कर्पूरीदेवींनी तिला जवळ बसवून शिकवलं, लेकीसारखी माया लावली. नुसत्या रंगांच्या डबीने कोणी सावरत नाही, शेजारी बसणारं माणूसही लागतं.

या शैलीत ‘कचनी’ म्हणजे बारीक रेघांचं काम आणि ‘भरनी’ म्हणजे रंग भरणं. चित्रात रिकामी जागा सहसा सोडत नाहीत. माशाचा एकेक खवला भरताना नजर आणि हात तिथेच गुंततात, तेवढा वेळ तरी मन त्याच त्या आठवणींत घिरट्या घालत नाही. दुलारीदेवींनी देवादिकांबरोबर आपल्या माणसांचं जगणंही रंगवलं. तळी, मासे, मासेमारी सारं कागदावर मानाने आलं. २०१० मध्ये ‘तारा बुक्स’ने त्यांची चित्रमय आत्मकथा प्रसिद्ध केली, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्याकडे मात्र घरातलं माणूस गेल्यावर बाई कागद-रंग घेऊन बसली, की ‘एवढ्यात सुचतं तरी कसं हिला!’ अशी कुजबूज हमखास होते. तिकडे खुशाल काणाडोळा करावा. चित्रकला यायलाच हवी असंही नाही. मुलांचे पोस्टर कलर, एक जाड ब्रश आणि कागदाचा मोठा ताव पुरे. दुपारी सगळं आवरल्यावर अर्धा तास बसावं. हाताला येईल तो रंग घ्यावा, काळा तर काळा. रडू आलं तर येऊ द्यावं. काढलेलं फाडावंसं वाटलं तर फाडावं. घरच्यांनीही ‘हे काय काढलंस?’ म्हणून डोकावू नये.

मात्र आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, घास घशाखाली उतरत नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल तर रंगांवर विसंबून राहू नये. मानसोपचारतज्ज्ञांना लवकर भेटावं.

घरात लहान मूल असेल तर त्यालाही शेजारी एक कागद द्यावा. आजोबा गेल्याचं त्याला शब्दांत सांगता येत नाही, पण त्यांची काठी आणि चष्मा ते बरोबर काढतं.