दारू सुटली, आता वस्तीची पाळी

विहारात वंदनेला बसलो की आपण पाचवे शील म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही दारू सोडलेला एखादा भाऊ महिन्याभराने पुन्हा प्यायला, की वस्तीत ऐकू येते, "याला शीलच नाही." वस्त्यांत आरोग्याचे काम करणाऱ्या आम्हाला हे बोलणे मान्य नाही.

दारूचे व्यसन हा आजार आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती एकदम थांबली की पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे काहींना भास होतात, ते बरळतात. अशा वेळी घरचे "बाहेरचे लागले" म्हणून अंगारा आणतात आणि मोलाचा वेळ जातो. ही बाधा नाही, यात जीव जाऊ शकतो. ताबडतोब सरकारी रुग्णालयात न्या. म्हणूनच रोज पिणाऱ्याला घरात कोंडून दारू सोडवू नका. आधी डॉक्टरांना विचारा. जेवणात चोरून औषधही घालू नका. दारू सोडवणाऱ्या काही गोळ्यांवर दारू प्यायली तर रक्तदाब घसरून जिवावर बेतते.

पण खरी परीक्षा रुग्णालयातून घरी आल्यावर सुरू होते. पगाराचा दिवस, हळदीची रात्र, जयंतीची मिरवणूक आणि "एकच घे रे" म्हणणारे मित्र. पिण्याची ओढ लाटेसारखी येते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ जागा सोडावी, पाणी प्यावे, काही खावे, विश्वासाच्या माणसाला फोन लावावा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चार कारणे ओळखून ठेवावीत.

घरच्यांनीही रोज तोंडाचा वास घेऊ नये, जुने हिशेब काढू नयेत. मात्र त्याची दारू सुटावी म्हणून बायकोने मार खावा, असे कोणी सांगत असेल तर ते साफ चूक आहे. मारहाण होत असेल तर तिने १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा.

आणि वस्तीने काय करावे? आमच्या विहार समित्यांकडे तीन मागण्या आहेत. जयंती, हळद, लग्न, कुठलाही कार्यक्रम असो, मंडपामागे दारू नको. आठवड्यातून एक संध्याकाळ विहार दारू सोडलेल्यांना बसायला, बोलायला द्या. आणि कोणी घसरला तर त्याला नावे ठेवण्याऐवजी त्याच आठवड्यात दोघांनी सोबत जाऊन पुन्हा डॉक्टरांकडे न्या. घसरणे या आजारात होते. त्याने सगळे संपत नाही. उपचारात बदल हवा, एवढाच त्याचा अर्थ.

पंचशील आपण एकदा म्हणून सोडून देत नाही. प्रत्येक वंदनेत पुन्हा म्हणतो, कारण निश्चय पुन्हा पुन्हा करावा लागतो. मग दारू सोडणाऱ्या भावालाच आपण दुसरी संधी का नाकारतो? वर्गणीसाठी दार ठोठावणारी समिती त्याच्यासाठीही दार ठोठावू शकते.

व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६, हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. विहाराच्या फलकावर आजच लिहा.

जय भीम.