शब्दसूची कोणी करावयाची?

बोललेले लिहून देणाऱ्या गूगलच्या सेवेत २०१७ सालीच मराठी आली. परंतु यंत्राचा कान रुळलेल्या शब्दांना सरावलेला. ‘पोटखराबा’, ‘फेरफार’ येथे तो फसू शकतो, आणि नोंदीतल्या एका चुकीपायी शेतकऱ्याला वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. उपाय सेवेतच आहे : आपली शब्दसूची जोडावी, त्या शब्दांचे पारडे जड करावे. (अती जड केले, तर न उच्चारलेले शब्दही उमटू लागतात!) शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला, तो कारभाराच्या शब्दांसाठीच. आजचे हे काम परदेशस्थ अभियंता करणार नाही. आपल्या शिक्षकांनी, वकिलांनी, कार्यकर्त्यांनी ते तालुक्यागणिक हाती घ्यावे. प्रारंभ गावांच्या आणि शिवारांच्या नावांपासून करावा.