परदेशी कंपनीचा सातबारा आधी काढा, मग सही करा



तूर-हरभऱ्याच्या पट्ट्यात शेतकरी कंपन्यांच्या डाळमिल उभ्या राहिल्या, आता सगळ्यांना कलर सॉर्टर हवाय. डागी, काळपट दाणा कॅमेऱ्याने टिपायचा आणि हवेच्या फटक्याने बाजूला उडवायचा, हे त्याचं काम. चीनच्या अनहुई प्रांतातलं हफेई शहर या मशीनचं मोठं केंद्र आहे. आमच्या संचालक मंडळापुढेही तिथली कोटेशनं आलीत. दर बरा, व्हिडिओ झकास. अट एकच: ३० टक्के अ‍ॅडव्हान्स लगेच, ७० टक्के माल निघायच्या आधी.

म्हणजे मशीन डोळ्याने बघायच्या आधी सगळा पैसा गेलेला. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: तपासणी झाल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. आपण दोन गुंठे जमीन घेताना सातबारा, फेरफार काढतो. बैल घेताना दात बघतो, चालवून बघतो. मग लाखोंच्या मशीनला नुसता व्हिडिओ कसा चालतो?

तिकडच्या कंपनीचाही सातबारा असतो. चीनमध्ये प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला १८ अक्षर-अंकी नोंदणी क्रमांक असतो. तो आणि व्यवसाय परवान्याची प्रत मागा. तिथल्या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतं: कंपनी कधी सुरू झाली, धंदा कसला, सरकारने शेरा मारलाय का. मजकूर चिनी असतो, पण मोबाईलवर भाषांतर होतं. आम्ही एक क्रमांक टाकून बघितला. कोटेशनवर ‘कारखानदार’, नोंदीत मात्र फक्त व्यापार! व्यापारी असणं गुन्हा नाही, पण मग मशीन बिघडल्यावर सुटे भाग कोण देणार, हे आधीच विचारायला हवं.

लक्षात ठेवा, तिथे कायद्याने खरं नाव चिनी लिपीतलं. इंग्रजी नाव कुणी काहीही छापतं. करारावर चिनी नाव आणि त्याच नावाचा शिक्का पाहिजे. बँक खातंही त्याच नावाचं. मधेच ‘खातं बदललंय’ असा मेल आला तर पैसे थांबवा आणि आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. अशा मेलने फसवणूक होते.

पोर्टलवरच्या सोनेरी बिल्ल्यावर जाऊ नका, तो बहुधा पैसे भरून घेतलेल्या सदस्यत्वाचा असतो. सीई चिन्हही बऱ्याच मशीनवर उत्पादक स्वतःच्या घोषणेवर लावतो. त्यापेक्षा भारतातल्या तीन गिऱ्हाइकांचे नंबर मागा आणि एका ठिकाणी तरी जाऊन मशीन चालताना बघा. आपल्याकडच्या व्होल्टेजवर टिकतं का, नोझल बंद पडलं तर माणूस किती दिवसांत येतो, हे तिथलाच ऑपरेटर सांगेल.

काही जण म्हणतात, ‘बँकेची एलसी केली की निर्धास्त.’ अर्धं खरं आहे. एलसीमध्ये बँक कागद तपासते, मशीन नाही. त्यामुळे माल निघण्याआधी त्रयस्थ संस्थेच्या तपासणीचा दाखला असल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत, अशी अट त्यातच घाला. वाद झाला तर आपल्या कोर्टाचा निकाल चीनमध्ये थेट वसूल करता येत नाही. लवादाचा निवाडा १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे तिथे लागू करून घेता येतो. म्हणून करारात लवादाचं कलम हवंच. ते वकिलाकडून लिहून घ्या, फी अ‍ॅडव्हान्सच्या मानाने किरकोळ आहे.

‘एवढं करत बसलो तर ऑफर जाईल’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. सीझन चुकण्याची भीतीही खरी आहे. पण तूर घरात येते डिसेंबर-जानेवारीत. ही कामं पावसाळ्यातच सुरू केली तर कसलीच घाई नाही. आणि जो विक्रेता परवाना दाखवायला कां-कूं करतो, तो वॉरंटीला किती उभा राहील?

शेतकरी कंपनीतला पैसा संचालकांचा नाही. कुणी सोयाबीनच्या पट्टीतून, कुणी दुधाच्या बिलातून शेअर्स घेतलेत. म्हणून पुढच्या बैठकीत ठराव करा: परवाना, खात्याचं नाव आणि चालू मशीनची पाहणी, या तीन गोष्टी इतिवृत्तात नोंदल्याशिवाय चेकवर सही नाही. सभासदांनीही हे विचारलं पाहिजे. तो त्यांचा हक्कच आहे.