एकाएकीं धरलेला गुडघा

ठाणें आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यांत राहणाऱ्या कुटुंबांस जिन्याचें माहात्म्य निराळें सांगावयास नको. १८५३ सालीं आगगाडी ठाण्यास आली, पुढल्याच सालीं ती कल्याणास पोहोंचली, आणि तेव्हांपासून येथील माणसाचें आयुष्य गाडीशीं बांधलें गेलें. गाडी म्हटली कीं पूल आला आणि पूल म्हटला कीं पायऱ्या आल्या. हल्लीं स्थानकांवर सरकते जिने झाले आहेत हें खरें. परंतु डोंबिवलीच्या जुन्या वस्तींत तीन-चार मजल्यांच्या कितीतरी इमारतींस अद्यापि लिफ्ट नाहीं. अशा घरांतील वडील माणसाचा गुडघा एके दिवशीं एकाएकीं धरतो, पाऊल टेकवत नाहीं, आणि कालपर्यंत भाजी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणारें माणूस एका रात्रींत घरांत कोंडलें जातें.

अशा वेळीं घरांत जें पहिलें वाक्य उच्चारलें जातें त्याविरुद्ध आमची तक्रार आहे. “वय झालें, आतां असें चालायचेंच!” हें तें वाक्य. म्हणणाऱ्याच्या मनांत दुष्टावा नसतो, आणि पुष्कळदां तें स्वतः वडील माणसेंच म्हणतात. परंतु वय हें कांहीं सोमवारीं रात्रीं झोपतांना नव्हतें आणि मंगळवारीं पहाटे आलें असें होत नाहीं. वर्षानुवर्षें हळूहळू झिजलेला गुडघा आणि एकाएकीं धरलेला गुडघा हीं दोन निराळीं प्रकरणें आहेत. दुसऱ्या प्रकरणाला बहुधा निराळें कारण असतें, व तें शोधावें लागतें.

या दोहोंची गल्लत होण्यास एक अलीकडचें निमित्तही झालें आहे. २००० सालच्या ऑक्टोबरांत तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत डॉ. चित्तरंजन राणावत यांनीं शस्त्रक्रिया केली. पुढल्या वर्षीं जूनमध्यें उजवा गुडघाही बदलला. तेव्हांपासून ‘गुडघा बदलणें’ हा शब्दप्रयोग मध्यम वर्गाच्या घराघरांत रुळला. २०१७ च्या ऑगस्टांत सरकारनें कृत्रिम सांध्यांच्या किमतींस मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरांतील सांधा, जो सरासरीनें दीड लाखांवर विकला जात असे, तो कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. हें सर्व उत्तमच झालें. मात्र त्यामुळें कोणताही गुडघा दुखला कीं घरांतील मंडळी एकतर “बदलावा लागणार” म्हणून धास्तावतात, नाहींतर “बदलण्याइतका वाईट नाहीं ना, मग राहूं दे” म्हणून स्वस्थ बसतात. मधली वाट कोणाला सुचत नाहीं.

आमच्या परिचयाच्या डोंबिवलींतील एका घरीं काय झालें तें पाहा. अडुसष्ट वर्षांच्या आजीबाई रात्रीं पाणी पिण्यास उठल्या आणि गुडघ्याच्या आंतल्या बाजूस अशी कळ आली कीं त्या तेथेंच भिंत धरून उभ्या राहिल्या. पडणें नाहीं, मुरगळणें नाहीं. दुसऱ्या दिवशीं क्ष-किरणांचें चित्र काढलें. तें निर्दोष निघालें. निर्दोष चित्र पाहून घरांतील सर्वांस हायसें वाटलें. सूनबाईंनीं मनोभावें तेल चोळलें, आणि आजीबाई दांत-ओठ खाऊन रोज तीन मजले उतरून देवदर्शनास जात राहिल्या. तिसऱ्या आठवड्यांत रात्रींची झोप उडाली, तेव्हां एम.आर.आय. केला आणि कुर्चेखालच्या हाडास बारीक चीर गेलेली दिसली. म्हणजे तीन आठवडे ज्या हाडास विसांवा हवा होता त्यावर रोज तीन मजल्यांचा भार पडत होता!

हा विकार दुर्मिळ कौतुकाचा नव्हे. स्वीडनमधील आल्बेक या क्ष-किरणतज्ज्ञानें १९६८ सालीं त्याचें वर्णन केलें. साठीपुढील स्त्रियांत तो विशेष आढळतो. आरंभीं त्यास हाडाचा मृत्यु समजत. ठिसूळ झालेल्या हाडास गेलेल्या सूक्ष्म भेगेपासून त्याचा उगम होतो असें आतां मानतात. पहिल्या आठवड्यांतील क्ष-किरणचित्रांत तो बहुधा दिसत नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. वेळीं भार काढला तर पुष्कळ रोगी शस्त्रक्रियेवांचून बरे होतात. आजीबाई सहा-सात आठवडे वॉकर घेऊन चालल्या, हाडांची घनता तपासून औषध सुरू झालें, आणि गुडघा त्यांचा स्वतःचाच राहिला.

कारणें आणखीही आहेत. उकिडवें बसून एकदम वळून उठतांना सांध्यांतील गादी फाटते आणि गुडघा अडकल्यासारखा होतो. उतारवयांत सांध्यांत चुन्याच्या क्षाराचे स्फटिक सांचून, किंवा रक्तांतील यूरिक आम्ल वाढून, गुडघा एका रात्रींत टरारून सुजतो. सुईनें त्यांतील पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें कीं निदान होतें. सुजलेल्या गुडघ्याला कोल्ह्याच्या डोक्याची उपमा देऊन आपल्या सुश्रुतानें ‘क्रोष्टुकशीर्ष’ असें नांव ठेविलें आहे. ज्यांनीं तसा गुडघा पाहिला असेल त्यांस त्या उपमेची यथार्थता पटेल. तापाबरोबर अनेक सांधे एकदम धरले तर चिकुनगुन्याचा संशय घ्यावा.

एका प्रसंगीं मात्र सकाळची वाट पाहूं नये. गुडघा लाल, गरम व सुजलेला असून जराही हलवूं देत नसेल आणि अंगांत ताप किंवा हुडहुडी असेल, तर सांध्यांत पू होण्याचा संभव असतो. अशा सांध्याचा नाश कांहीं दिवसांत होतो आणि क्वचित् जिवावरही बेततें. मधुमेही व अतिवृद्ध माणसांत ताप फारसा चढतही नाहीं. पोटरी एकाएकीं सुजून दुखूं लागल्यास तीही चोळूं नये. शिरेंत रक्त गोठलें असण्याची शक्यता असते. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. आपल्याकडे प्रत्येक दुखण्यास आधीं तेल लागतें. या दोन प्रसंगीं तरी बाटली कपाटांतच राहूं द्यावी.

एरवीं पहिले एक-दोन दिवस पायाला विश्रांति द्यावी, कापडांत गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटें ठेवावा, आणि सुजलेल्या गुडघ्यास शेक टाळावा. वेदनाशामक गोळ्या औषधाच्या दुकानांतून परभारें आणून आठवडाच्या आठवडा देण्याची चाल घातक आहे. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करण्याचें औषध असेल तर विशेषच. परंतु विश्रांति म्हणजे अंथरूण धरणें नव्हे. अमेरिकेंत २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी वृद्ध केवळ १० दिवस बिछान्यांत पडून राहिले, तर त्यांच्या पायांचें सुमारें १ किलो मांस झडलें. म्हणून वैद्यानें मना केलें नसेल तर गुडघ्याखालीं टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खालीं दाबावी, पांच आंकडे मोजून सोडावी. हें पडल्या पडल्या दिवसांतून तीन-चार वेळां होतें.

याउपर प्रश्न उरतो तो घराचा, आणि तेथें औषधापेक्षां मनाचा मोठेपणा अधिक लागतो. पाटावर बसून जेवणें, मांडी घालून पूजा करणें, उकिडव्यानें शौचास बसणें हीं सर्व गुडघ्याची परीक्षा घेणारीं कामें. कमोड बसविण्यास खर्च येतो म्हणून चालढकल करणारें घर मुंजींत मांडवावर किती खर्च करतें तें आम्ही पाहतों. खुर्चीवर बसून केलेली पूजा देवास पोहोंचत नाहीं असें आमच्या वाचनांत तरी कोठें आलेलें नाहीं. वडील माणसास पंगतींतून उठवून एका कोपऱ्यांत टेबलाशीं बसविण्यापेक्षां घरांतील दोघा-तिघांनीं त्यांच्याबरोबर टेबलाशीं बसावें. गुडघ्यापेक्षां तें एकटें जेवणेंच त्यांस अधिक लागतें, मात्र तसें तीं बोलून दाखवीत नाहींत.

काठी हाही असाच मानापमानाचा विषय. सासरेबुवा काठी हातांत घेण्यास राजी झाले तरी ती दुखऱ्या बाजूच्या हातांत धरतात, आणि तेथेंच तिचा निम्मा उपयोग जातो. दुखरा गुडघा उजवा असेल तर काठी डाव्या हातांत हवी. काठी आणि दुखरा पाय हीं बरोबर पुढें पडावींत. जिना चढतांना बरा पाय आधीं वर ठेवावा आणि दुखऱ्यानें मागून यावें. उतरतांना दुखरा पाय काठीसह आधीं खालच्या पायरीवर टेकावा. कठडा असेल तर दुसरा हात त्यावर असावा, आणि बरोबरच्या माणसानें उतरतांना एक पायरी पुढें, चढतांना एक पायरी मागें राहावें.