दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस

मायकेल जॉर्डन हे नाव बास्केटबॉलशी काडीचाही संबंध नसलेल्या घरांत परिचित असते. १९८१ ते १९८४ या काळात तो ज्या महाविद्यालयीन संघातून खेळला, त्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक डीन स्मिथ यांचे नाव खेळाच्या जाणकारांना ठाऊक असते. परंतु स्मिथ यांच्या शेजारच्या खुर्चीवर १९६७ पासून १९९७ पर्यंत, म्हणजे तब्बल ३० वर्षे, जो माणूस बसला, त्या बिल गथ्रिज यांचे नाव आपल्याकडे क्वचितच कोणाच्या कानावर गेले असेल. ते सहप्रशिक्षक होते.

‘सह’ हा उपसर्ग आपल्या संघटनेत ठायी ठायी भेटतो. सहकार्यवाहापासून सहसरकार्यवाहापर्यंत तो इतक्या सहजपणे आपल्या तोंडी येतो, की त्यामागे संघटनेचा केवढा विचार उभा आहे, याचे भान सुटते. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या क्रीडांगणावर हा उपसर्ग कसा जगला गेला, हे पाहिले तर आपल्याच घरातील काही गोष्टी नव्याने दिसू लागतात. त्यांपैकी काही सुखावणाऱ्या आहेत, काही बोचणाऱ्या.

तीस वर्षांचे मौन

महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये सहप्रशिक्षक नेमके करतो काय? प्रेक्षकांना तो मुख्य प्रशिक्षकाच्या बाजूला बसून टिपणे घेताना दिसतो. त्याचे खरे काम मात्र प्रेक्षक नसताना चालते. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती तो पुनःपुन्हा पाहतो. त्यांचा कोणता खेळाडू डावीकडे वळतो, कोण दमल्यावर चुका करतो, अखेरच्या मिनिटाला चेंडू कोणाच्या हाती जातो, याचे टिपण तयार करतो. सरावात राखीव खेळाडूंना प्रतिस्पर्ध्याच्या चाली शिकवून आपल्याच संघाविरुद्ध उभे करतो. उंच खेळाडूंच्या पायांच्या हालचाली सुधारतो. कोणता मुलगा वर्गात अनुपस्थित आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाला मैदानावर बसवून ठेवल्याचा राग आला आहे, हे मुख्य प्रशिक्षकाच्या आधी त्याला कळते. शाळकरी वयातील गुणी खेळाडू हेरण्यासाठी गावोगाव फिरण्याचे कामही बव्हंशी त्याच्याच वाट्याला येते.

गथ्रिज यांनी हे सारे केले. उंच खेळाडूंचे प्रशिक्षण आणि चेंडू अचूक फेकण्याचे तंत्र हे त्यांचे विशेष प्रांत. त्यांच्या ३० वर्षांत नॉर्थ कॅरोलायनाचा संघ १० वेळा राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या चार संघांत पोहोचला आणि १९८२ व १९९३ मध्ये विजेता ठरला. १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघाचे स्मिथ मुख्य प्रशिक्षक होते आणि गथ्रिज त्यांचे सहप्रशिक्षक. १९९७ मध्ये स्मिथ निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर ८७९ विजय होते. पुरुषांच्या सर्वोच्च विभागातील तो त्यावेळचा विक्रम होता. तो स्मिथ यांच्या नावे नोंदला गेला. विक्रमाच्या पुस्तकात सहप्रशिक्षकाचा रकाना नसतो.

या माणसाला मोठे होण्याची संधी मिळाली नाही, असे कोणी म्हणू नये. १९७८ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्या हाती आले होते. ऐनवेळी त्यांनी ते नाकारले आणि चॅपेल हिलला, स्मिथ यांच्या शेजारीच, ते राहिले. ज्या देशात नोकरी बदलणे हे कर्तृत्वाचे लक्षण मानले जाते, तेथे एका माणसाने दुसऱ्या क्रमांकावर राहणे स्वतः होऊन निवडले. व्यक्तिवादाचे माहेरघर म्हणून आपण ज्या समाजाकडे बोट दाखवतो, त्या समाजात हे घडले, याची नोंद आपण प्रांजळपणे घेतली पाहिजे.

परंपरा अशी उभी राहते

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मधला. स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ शोधला आणि पुढे ते कॅन्सस विद्यापीठात गेले. तेथे फॉग ॲलन त्यांचे शिष्य झाले. ॲलन यांचे शिष्य डीन स्मिथ. स्मिथ यांनी स्वतः सहप्रशिक्षक म्हणून उमेदवारी केली होती. १९५८ ते १९६१ अशी तीन वर्षे ते चॅपेल हिललाच फ्रँक मॅग्वायर यांच्या हाताखाली होते. दुसरी खुर्ची म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे, तोच दुसऱ्या खुर्चीचा मान राखू शकतो.

ऑक्टोबर १९९७ मध्ये, हंगाम तोंडावर आला असताना, स्मिथ यांनी निवृत्ती जाहीर केली. बाहेरून कोणी शोधून आणण्यास वेळच उरला नव्हता आणि पद आपसूक गथ्रिज यांच्याकडे आले. स्मिथ यांनी हा मुहूर्त जाणूनबुजून साधला, असे अनेक जण मानतात. साठीला पोहोचलेल्या गथ्रिज यांनी पहिल्याच हंगामात ३४ सामने जिंकले आणि केवळ चार गमावले. त्यांच्याकडे सहा तुल्यबळ खेळाडू होते आणि प्रारंभीच्या पाचांत स्थान मिळावे, असे प्रत्येकाला वाटणार होते. त्यांनी सहाही जणांना पाळीपाळीने सुरुवात करायला दिली. कोणाचाही मानभंग होऊ नये, याची ही काळजी घ्यायला पुस्तकी ज्ञान पुरेसे नसते. ३० वर्षे खेळाडूंची मने सांभाळलेल्या माणसालाच ते सुचते.

२००० साली मात्र त्यांच्यावर टीकेची झोड उठली. राष्ट्रीय स्पर्धेपूर्वी त्यांच्या संघाने १३ सामने गमावले होते. त्याच संघाने पुढे अखेरच्या चारांत मजल मारली. तीन वर्षांत दोनदा ते त्या टप्प्यापर्यंत पोहोचले आणि त्याच उन्हाळ्यात शांतपणे निवृत्त झाले.

यानंतरचा अध्याय अधिक बोलका आहे. नवे मुख्य प्रशिक्षक आपले सहप्रशिक्षक सोबत घेऊन आले आणि जुन्या सहप्रशिक्षकांना जावे लागले. दुसऱ्याच वर्षी, २००१-०२ मध्ये, संघाने आठ सामने जिंकले आणि २० गमावले. अपयशाला एकच कारण कधी नसते. खेळाडूही बदलले होते. तरीही ज्यांच्याकडे संस्थेची स्मृती होती, ती माणसे एकाच वेळी दूर झाली, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही. २००३ मध्ये रॉय विल्यम्स परतले आणि परंपरेचा धागा पुन्हा जुळला. हे विल्यम्स म्हणजे स्मिथ यांचेच एकेकाळचे सहप्रशिक्षक. १९७८ मध्ये वर्षाला अवघ्या २,७०० डॉलरवर ते रुजू झाले होते. घर चालवण्यासाठी दिनदर्शिका विकण्याचे आणि स्मिथ यांच्या कार्यक्रमाच्या ध्वनिचित्रफिती दूरचित्रवाणी केंद्रांवर गाडीने पोहोचवण्याचे काम ते करीत. त्यांच्या कारकिर्दीत संघाने २००५, २००९ आणि २०१७ मध्ये विजेतेपद मिळवले.

त्यागाचा हिशेब

येथवर वाचून आपल्याला समाधान वाटेल. निष्ठा, समर्पण, प्रसिद्धिपराङ्मुखता हे तर आपलेच शब्द! पण या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याविना हा लेख अपुरा राहील.

खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने १९९२ पासून एक नियम लागू केला. संघातील एका सहप्रशिक्षकाला वर्षाला १६,००० डॉलरहून अधिक वेतन देता येणार नाही, असा तो नियम होता. मुख्य प्रशिक्षकाच्या वेतनाला अशी कोणतीही मर्यादा नव्हती. शिकाऊ तरुणांना संधी मिळावी, असा उदात्त हेतूही पुढे करण्यात आला. हे सहप्रशिक्षक न्यायालयात गेले. १९९८ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही हा नियम स्पर्धाविषयक कायद्याचा भंग करणारा ठरवला आणि १९९९ मध्ये संघटनेला ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. काटकसर करायची ठरली, तेव्हा तिचा पहिला वार सर्वांत शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या माणसावर झाला होता.

आपल्याकडे तरी वेगळे काय घडते? महाभारताचीच साक्ष घेऊ. कुरुकुलातील राजपुत्रांना शस्त्रविद्येचे पहिले धडे कृपाचार्यांनी दिले. द्रोण नंतर आले. युद्धाच्या शेवटी द्रोण राहिले नाहीत. उरलेल्या एकमेव अंकुराला, परीक्षिताला, शिकवण्यासाठी पुन्हा कृपाचार्यच होते. प्रशिक्षकांसाठी १९८५ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय पुरस्कार द्रोणाचार्यांच्या नावाने आहे आणि ते उचितच आहे. पण पहिला आणि शेवटचा धडा देणाऱ्या आचार्यांची आठवण आपल्याला किती वेळा होते?

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी तिचे जुने दप्तर चाळत होतो. इतिवृत्ताच्या वह्यांत ३० हून अधिक वर्षे एकच हस्ताक्षर होते; सुबक, तिरके, काळ्या शाईतले. खाली स्वाक्षरी मात्र प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या अध्यक्षांची. चौकशी केल्यावर कळले, की ते संस्थेचे सहकार्यवाह. संस्थेच्या जमिनीची कागदपत्रे कोठे आहेत, पहिल्या वसतिगृहासाठी कोणी किती धान्य दिले, हे केवळ त्यांनाच ठाऊक होते. भेटायला गेलो, तेव्हा ते मुलीच्या दोन खोल्यांच्या घरात राहत होते. निवृत्तिवेतन नव्हते, कारण संस्थेत ते कधी ‘नोकरीला’ नव्हतेच. त्यांची कोणतीही तक्रार नव्हती. चहा देताना त्यांच्या पत्नी मात्र एवढेच म्हणाल्या, “महोत्सवाचं आमंत्रण अजून आलं नाही हो. पोस्टात राहिलं असेल.”

त्या वाक्याने मी आजही अस्वस्थ होतो. पायाचा दगड व्हावे, हा संस्कार आपण पिढ्यान् पिढ्या दिला आणि त्या संस्काराने हजारो माणसे घडवली. परंतु ‘मला काही नको’ हे कार्यकर्त्याचे व्रत असते. ‘त्याला काही देण्याची गरज नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्या व्रताने संस्थेला मिळत नाही. दोन्ही वाक्ये कानाला सारखीच वाटतात. त्यांतला भेद विसरला गेला, की त्यागाचे रूपांतर संस्थेच्या सोयीत होते. मग नवा तरुण येतो, आधीच्याची उतारवयातील अवस्था पाहतो आणि शांतपणे दुसरी वाट धरतो. ‘हल्लीच्या पिढीत समर्पण उरले नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

माझ्या अल्पमतीनुसार प्रत्येक संस्थेने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाकडे स्वतःचे म्हणावे असे निर्णयाचे क्षेत्र आहे का? गथ्रिज यांच्याकडे ते होते, म्हणून ते ३० वर्षे टिकले. केवळ खुर्च्या मांडायला कोणताही कर्तबगार माणूस टिकत नाही. दुसरा, बंद दाराआड त्याला प्रमुखाशी मतभेद व्यक्त करता येतो का? बाहेर एक स्वर आणि आत मोकळी चर्चा, ही आपली जुनी शिस्त आहे. तिचा उत्तरार्ध आपण विसरत तर नाही ना? तिसरा, त्याच्या कुटुंबाच्या औषधपाण्याची, मुलांच्या शिक्षणाची, उतारवयाची तजवीज कोणाच्या तरी वहीत लिहिलेली आहे का? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘समाज बघून घेईल’ असे असेल, तर तो समाज म्हणजे आपणच, हे ध्यानात ठेवावे.

महाविद्यालयांच्या क्रीडाक्षेत्रात तर अजून आरंभच व्हायचा आहे. अमेरिकेत एका बास्केटबॉल संघाला २०२३ पासून पाच सहप्रशिक्षक ठेवता येतात. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत सर्व खेळांसाठी मिळून एकच शारीरिक शिक्षण संचालक असतो आणि प्रवेशाच्या दिवसांत तोही अर्ज तपासत बसलेला दिसतो. पाच माणसे नेमण्याएवढा पैसा आपल्याकडे नाही, हे मान्य. पण ज्या माजी खेळाडूंना रोज संध्याकाळी दोन तास मैदानावर द्यायचे आहेत, त्यांना मानाने बोलावण्यास, त्यांचा प्रवासखर्च देण्यास आणि वार्षिक अंकात त्यांचे नाव छापण्यास फारसा पैसा लागत नाही.

डीन स्मिथ फेब्रुवारी २०१५ मध्ये निवर्तले आणि बिल गथ्रिज त्याच वर्षी मे महिन्यात. तीस वर्षे शेजारी बसलेली ही दोन माणसे जवळजवळ बरोबरीनेच गेली. स्मिथ यांनी आपल्या संघात एक साधी प्रथा रुजवली होती. चेंडू जाळीतून गेला, की तो टाकणाऱ्या खेळाडूने ज्याने आपल्याला चेंडू दिला त्याच्याकडे बोट दाखवायचे. टाळ्या वाजत असतानाच, सर्वांसमक्ष.

येत्या गुरुपौर्णिमेला ध्वजाला वंदन करून घरी परतताना आपणही एवढे करू शकतो. आपल्या शाखेच्या, शाळेच्या, पतपेढीच्या, मंडळाच्या त्या ‘सह’ माणसाच्या घरी जावे. हार-तुरे नकोत, ते त्याला आवडणारही नाहीत. थोडा वेळ बसावे, त्याच्या पत्नीची विचारपूस करावी आणि संस्थेच्या पुढच्या कार्यक्रमाचे आमंत्रण पोस्टाने न पाठवता स्वतःच्या हाताने द्यावे.