नवें बिऱ्हाड आणि पहिला चैत्र

घर पाहावें बांधून व लग्न पाहावें करून, अशी म्हण आपल्याकडे आहे. ज्यानें ती प्रथम उच्चारली त्याचे हात चांगलेच पोळले असले पाहिजेत. परंतु त्याच्या म्हणींत एक कलम राहून गेलें; तें असें कीं, नव्या घरांत पहिला महिना राहून पाहावें. घर विकत घेणें पैशाचें काम आहे. तें अंगवळणीं पडणें दिवसांचें काम आहे. ते दिवस चैत्राचे असले तर फार बरें, असें आमचें मत यंदा झालें. तें कां, हें आज सांगावयाचें आहे.

आमच्या पुतण्यानें फाल्गुनाच्या अखेरीस पुण्याच्या पेठेंतील आमच्या एकत्र घरांतून आपलें बिऱ्हाड हलविलें व शहराच्या पश्चिमेस एका नव्या इमारतींत, चौथ्या मजल्यावर मांडलें. नवराबायको दोघेंही नोकरी करणारीं. मुलगा पांच वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. जुन्या घरीं खोल्या चार आणि माणसें नऊ. भांडण कोणाचें झालें नव्हतें. तरीही "वेगळे निघाले" हा शब्द आप्तांच्या तोंडीं आलाच. आमच्या वहिनी, म्हणजे पुतण्याच्या मातोश्री, यांवर कांहींच बोलल्या नाहींत. त्यांनीं सामान बांधूं लागलें, लोणच्याची बरणी दिली; परंतु पाडव्यास त्या नव्या घरीं गेल्या नाहींत.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वेगळें होणें निराळें आणि वेगळें बिऱ्हाड करणें निराळें. पहिल्यांत मनांची वांटणी होते, दुसऱ्यांत केवळ चुलीची. एकत्र कुटुंब म्हणजे एक छप्पर असें मानलें, तर नोकरीनिमित्त मुंबईस वा परदेशीं गेलेल्या प्रत्येक मुलानें घर मोडलें, असेंच म्हणावें लागेल. तसें आपण कोणीच म्हणत नाहीं. मात्र मुलगा त्याच गांवांत दुसरीकडे गेला, कीं तोच शब्द आपल्या जिभेवर येतो!

नव्या घरांतील पहिले पंधरा दिवस म्हणजे शोधाशोधीचे. विळी कोठें आहे हें सांपडावें, तों गाळणें हरवावें. दिवा लावावयास जावें, तों पंखा सुरू व्हावा. दूधवाला केव्हां येतो, पाणी केव्हां जातें, हें सारें नव्यानें पाठ करावें लागतें. यांतच सकाळीं आठाला दोघांना कामावर निघावयाचें. मोठीं माणसें हा त्रास हंसून नेतात. मुलांचें तसें नसतें. आमचा नातू दिवसभर रिकाम्या खोल्यांत ओरडून आपलाच प्रतिध्वनि ऐके, आणि रात्रीं मात्र न चुकतां विचारी, "आपण घरीं कधीं जायचं?" बापानें सांगावें, "अरे, हेंच आपलं घर." मुलास प्रमेय नुसतें सांगून भागत नाहीं, तें सिद्ध करून दाखवावें लागतें.

आपल्या पूर्वजांनीं या बाबतींत घाई केलेली दिसत नाहीं. आश्वलायन गृह्यसूत्रांत वास्तुपरीक्षेचा विधि आहे. जागेंत गुडघाभर खड्डा खणावा व त्याच मातीनें तो पुन्हां भरावा. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. चौथ्या मजल्यावर खड्डा खणण्याची सोय नाहीं, हें उघड आहे. परंतु त्यामागील बुद्धि घेतां येते. ती अशी कीं, जागेंत वसण्यापूर्वीं जागेस चार प्रश्न विचारावे. म्हणून आम्हीं पुतण्यास सुचविलें, कीं महिनाभर भिंतींत खिळा ठोकूं नये, कपाटें कायमचीं बसवूं नयेत. ऊन व वारा कोठून येतात तें आधीं पाहावें.

हें काम नातवाकडे सोंपविलें. दर रविवारीं सकाळीं आठाला पूर्वेच्या खिडकींतून येणाऱ्या उन्हाच्या कडेला त्यानें खडूनें रेघ ओढावयाची. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास सूर्य ठीक पूर्वेस उगवतो. पुढें दिवसेंदिवस तो उत्तरेकडे सरकतो, आणि खोलींतील ऊन दक्षिणेकडे सरकतें. पुण्यास मेच्या १४ तारखेच्या सुमारास तो मध्यान्हीं अगदीं डोक्यावर येतो. म्हणून या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीचें भय नसतें. भय पश्चिमेच्या भिंतीचें. ती दुपारपासून ऊन पिते व रात्रीं तें खोलींत सोडते. मुलांचीं अंथरुणें नेमकीं त्याच भिंतीशीं घातलीं होतीं! तीं पूर्वेच्या खोलींत नेल्यावर रात्रीचें रडें निम्में कमी झालें. उरलेल्या निम्म्यावर मात्र सूर्याचा इलाज नव्हता.

तो इलाज चैत्रगौरीनें केला. चैत्र शुद्ध तृतीयेस अन्नपूर्णा पाळण्यांत बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. या महिन्यांत सोयीच्या एखाद्या मंगळवारीं वा शुक्रवारीं हळदीकुंकू करावयाचें. एकाच तिथीचा आग्रह न धरणाऱ्या या रीतीचे आभार नोकरी करणाऱ्या स्त्रियांनीं मानावे. आमच्या सूनबाईनें शुक्रवार ठरविला. माहेराहून आलेली अन्नपूर्णा तिनें घांसून लख्ख केली. हरभरे भिजत घातले, कैऱ्या किसल्या. फरशीवर चैत्रांगण काढलें. त्यांतील कांसव आणि हत्ती नातवानें काढले व कोणता कोणता हें सर्वांस सांगून ठेविलें. मजल्यावर तीन शेजारघरें: एक कानडी, एक गुजराथी, आणि समोर एक वृद्ध विधवा बाई, एकट्या राहणाऱ्या.

सूनबाईनें वहिनींना फोन करून विचारलें, "आई, समोरच्या आजींना बोलावलं तर चालेल ना?"

वहिनी क्षणभर थांबल्या; जुन्या घरीं अशी चाल नव्हती. मग म्हणाल्या, "गौर तुझ्या घरीं बसली आहे. विचारायचं नाहीं, बोलवायचं. आणि मला बोलावणं आहे कीं नाहीं?"

"तुम्हांला काय बोलवायचं, आई? तुमचंच घर आहे."

"तसं नको. बोलाव. बोलावल्यावांचून मी यायची नाहीं."

आमच्या मतें त्या घराची खरी वास्तुशांति या संभाषणांत झाली. ज्या घरीं आपण बोलावणें मागतों, तें घर दुसऱ्याचें आहे हें आपण मानलेलें असतें.

शुक्रवारीं वहिनी आल्या त्या मांडीवर माठ घेऊन रिक्षांतून. कुंभारवाड्यांतून घेतलेला तो माठ त्यांनीं तीन दिवस पाणी भरून, ओतून मुरविला होता. हळदीकुंकू आटोपल्यावर त्यांनीं आपली एक जुनी गोष्ट सांगितली. आम्हीही ती प्रथमच ऐकली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां त्या नऊ वर्षांच्या होत्या. नदीकांठचें त्यांचें घर गेलें. पुढें परक्या वस्तींत एक खोली मिळाली. तेथें त्यांच्या आईनें आधीं पाण्याची जागा ठरविली, मग दिव्याची. पुढल्या चैत्रांत डब्याच्या झांकणास दोऱ्या बांधून गौरीचा पाळणा केला. "त्या दिवशीं तें घर वाटलं," इतकेंच त्या म्हणाल्या; आणि सुनेला विचारलें, "तूं पाण्याची जागा कोणती केलीस?"

सुनेनें स्वयंपाकघरांतील उत्तरेची खिडकी दाखविली. तेथें वारा खेळता असल्यामुळें माठ ठेवण्यास ती योग्यच होती. माठांतून झिरपणारें पाणी वाऱ्यानें उडून जातें, तेव्हांच आंतील पाणी गार होतें. कोंदट कोपऱ्यांत तोच माठ निरुपयोगी. डब्यांची मांडणी पाहून वहिनींच्या ओठांवर कांहीं तरी आलें होतें. तें बाहेर पडलें नाहीं. चाळीस वर्षें स्वयंपाकघर चालविलेल्या बाईस हें मौन सोपें नव्हे.

अक्षय्य तृतीयेस सर्व मंडळी जुन्या घरीं आमरसाला जमली. संध्याकाळ झाली तसा नातू बापाचा हात ओढून म्हणाला, "चला, आतां घरीं जाऊं." सगळे वहिनींकडे पाहूं लागले. त्या उठल्या, आमरसाचा डबा भरून दिला आणि म्हणाल्या, "निघा, अंधार पडायच्या आंत घरीं पोंचा."

वडीलधाऱ्यांस आमचें सांगणें इतकेंच, कीं मुलांच्या नव्या घरीं बोलावणें घेऊन जावें, हातीं एखादी उपयोगाची वस्तु न्यावी, आणि मांडणीविषयीं मत विचारल्यावांचून देऊं नये. तरुणांस सांगणें हें, कीं एक सण नव्या घरीं करावा, तर एक जुन्या घरीं. आणि बोलावणें फोनवर असलें तरी तें मनापासूनचें असावें. वास्तुपुरुष घटकोघटकीं "तथास्तु" म्हणत असतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. तेव्हां "घर मोडलें" असें उगाच म्हणूं नये. दोन घरें झालीं, असें म्हणावें.